मदत हवी आहे: एकट्याने बॅग-मास्क देताना कडेने हवा निसटते

ईएमटीचं (अ‍ॅम्ब्युलन्सवर तातडीची मदत देणाऱ्याचं) ट्रेनिंग चालू आहे, प्रॅक्टिकल जवळ आलंय आणि मी बॅग-मास्कवर (हाताने बॅग दाबून मास्कमधून पेशंटला श्वास द्यायचं साधन) अडकलोय. दोघं असलो की काही प्रॉब्लेम नाही, एकजण दोन्ही हातांनी मास्क धरतो, दुसरा बॅग दाबतो, मॅनिकिनची (सरावाच्या पुतळ्याची) छाती मस्त वर येते. पण एकट्याने करायला लागलं की डाव्या हाताने ई-सी ग्रिप (अंगठा-तर्जनी मास्कवर C सारखी, बाकी तीन बोटं जबड्याखाली E सारखी), उजव्याने बॅग, आणि दर वेळी मास्कच्या उजव्या कडेने, म्हणजे माझा हात नसतो त्या बाजूने, हवा फुसकन निघून जाते, छाती जेमतेम हलते.

करून पाहिलेलं: मास्कचा साइझ बदलला, नाकाच्या वरून हनुवटीपर्यंत नीट बसतोय. ओपीए (जीभ मागे पडून श्वास अडू नये म्हणून तोंडात घालायची वाकडी नळी) टाकलाय, तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून. डोकं मागे झुकवलेलं आहे. मास्क खाली दाबत नाही, जबडा वर ओढतो. स्पीड पण ठीक, मोठ्या माणसाला 6 सेकंदांना एक श्वास, 1 सेकंदभर, छाती दिसेल एवढाच वर येईपर्यंत. जोरात दाबून उपयोग नाही हे माहितीये, हवा पोटात जाते आणि उलटीचा धोका वाढतो.

माझा हात लहान आहे, करंगळी जबड्याच्या कोनापर्यंत पोचतच नाही, दोन मिनिटांत बोटं भरून येतात. दोघांनी करा असं सांगू नका प्लीज, परीक्षेत एकट्यानेच करायचंय, आणि खऱ्या पेशंटजवळही कधी मी एकटाच असेन.

लहान हात असलेल्यांनी अंगठा नि तर्जनी मास्कवर नेमकी कुठे ठेवायची, म्हणजे पलीकडची कड पण दाबली जाईल?