नवा जन्म, ख्रिस्तातलं स्वातंत्र्य : सुरुवात कुठून करावी? (इंदूर)

प्रश्न (रामबाग)
येशूवर विश्वास ठेवायचं ठरलंय. 'नवा जन्म', 'पापापासून मुक्ती' हे शब्द कानावर पडतात, पण रोज नेमकं करायचं काय? तेच पाप पुन्हा घडलं तर विश्वास खोटा समजायचा का? नाव बदलावं लागतं का? घरी गणपती बसतो, प्रसादाचं काय? बाप्तिस्मा कधी घ्यावा? इथे उपासना बहुतेक हिंदीत असते, वाचन मात्र मराठीतच उमजतं.

उत्तर १ (छावणी)
आधी मार्ककृत शुभवर्तमान : १६ अध्याय, रोज एक. मग योहान. त्याचा तिसरा अध्याय दोनदा वाचा. निकदेम नावाचा यहुदी पुढारी रात्री येशूकडे येतो आणि तिथेच नव्या जन्माचं बोलणं निघतं. नंतर प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र. सहाच अध्याय, एका बैठकीत होतात. पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेणारे बहुतेक लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात आणि बायबल फडताळात जातं.

हिंदी बायबलही शेजारी ठेवा. मराठीत 'पश्चात्ताप करा' आहे तिथे जुन्या हिंदी भाषांतरात 'मन फिराओ' आहे. मूळ ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. पश्चात्ताप म्हटलं की आपला माणूस हळहळत बसतो. तोंड फिरवून दुसरीकडे चालू लागायचं आहे, हे हिंदीत चटकन दिसतं.

पाप पुन्हा घडलं तरी हेच. त्याच दिवशी, त्या पापाचं नाव घेऊन देवाजवळ कबूल करा (योहानाचं पहिलं पत्र १:९). कुणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयानं चौपट परत करायचं कबूल केलं. 'इतके उपास केले की माफी' असा हिशेब मांडलात तर तो नवस झाला, कृपा नव्हे. रोमकरांस पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल हीच ओढाताण सांगतो. तिथे थांबू नका. आता दंडाज्ञा, म्हणजे शिक्षा, नाही, हे ८ व्याच्या पहिल्याच वचनात आहे.

उत्तर २
नाव बदलायची अट नाही. गलतीकरांस पत्रातला सगळा वाद हाच आहे : विश्वास पुरे, की वर सुंताही हवी? पौलाचा सोबती तीत ग्रीक होता, त्याला सुंतेची सक्ती झाली नाही (२:३). कुणी नाव, पेहराव, भाषा यांच्या अटी घालू लागलं तर हे वचन दाखवा. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. नाव तेच राहिलं, अभंगही मराठीच, आणि त्यांची भजनं आजही उपासनेत गायली जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो काही वर्षांनी. घरच्यांच्या मागे लागू नका, हे त्यावरूनच सांगावंसं वाटतं.

प्रसादासाठी करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०. अन्न अन्नच आहे, पण मूर्तीच्या पूजेत वाटेकरी होऊ नका, आणि दुसऱ्याच्या विवेकाला धक्का लागेल असं खाऊ नका. यावर मंडळ्यांची (चर्चची) शिकवण सारखी नाही. काही पाळक पूर्ण मनाई करतात. कसंही असो, आईच्या हातातलं ताट ढकलून साक्ष होत नाही. हात जोडून शांतपणे नको म्हणता येतं.

उत्तर ३
बाप्तिस्म्याची घाई नको. कॅथलिकांत प्रौढांना बरेच महिने शिकवण देतात आणि शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. डोक्यावर तीनदा पाणी ओततात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत पूर्ण बुडवतात. पहिल्याच भेटीत तारीख ठरवणाऱ्या पाळकाला निदान विचारा, शिकवण कधी देणार?

कायद्याची बाजू मध्य प्रदेशात महत्त्वाची आहे. २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतर करणाऱ्यानं ६० दिवस आधी कलेक्टरकडे घोषणापत्र द्यायचं आहे, विधी करणाऱ्या धर्मगुरूनंही तितकेच दिवस आधी वेगळी सूचना द्यायची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशानं या कलमाखालच्या कारवाईला अटकाव केला होता. आज काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या. आणि तुम्ही अनुसूचित जातीतले असाल तर १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे तो दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. नोकरी किंवा शिष्यवृत्ती त्यावर असेल तर हे आधीच कळलेलं बरं, पाळकानंही ते तुमच्यापासून लपवू नये.