मदत हवी आहे: जिप्सीच्या मागच्या हाउसिंगमधून दुधाळ ऑइल निघालं, गिअरबॉक्सचं वरचं बूच निघत नाही

कळवा_ते_मुरबाड:

नमस्कार मंडळी. जरा घाईचं आहे, कारण गाडी या क्षणी पार्किंगमध्ये मागचं हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, म्हणजे डिफरन्शियल) रिकामं करून उभी आहे.

गाडी मारुती जिप्सी किंग. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. महिन्यातून दोनदा मुरबाडजवळ गावी जाणं असतं, शेवटचा रस्ता कच्चा, त्यामुळे ती विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही. बाबा ७१ वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, पण गाडीचं काम त्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं त्यांना बरं वाटतं.

जुलैमध्ये एका संध्याकाळी घोडबंदर रोडने आले, नौपाड्यात बाबांची औषधं घेतली आणि वंदना डेपोजवळ पाण्यात अडकले. पाणी दाराच्या खालच्या पट्टीला लागत होतं. इंजिन बंद पडू दिलं नाही, पहिल्या गिअरमध्ये सावकाश बाहेर काढली. नंतर ब्रेक वाळवले, एअर फिल्टर पाहिला, आणि सगळं ठीक आहे असं धरून चालले. गणपतीला गावाहून परतताना ६०च्या वर गेलं की मागून बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला. ॲक्सिलरेटर सोडला की आवाजाचा सूर बदलतो.

जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर "सगळीकडे नव्वद नंबर गिअर ऑइल टाकून देतो, तासाभरात घेऊन जा" असं उत्तर मिळालं. गिअरबॉक्सला आणि डिफरन्शियलला वेगळं ऑइल लागतं ना, असं विचारल्यावर हसले. तेव्हाच ठरवलं की घरीच करायचं.

रविवारी सकाळी गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणली, गरम ऑइल पातळ होऊन सगळी घाण घेऊन उतरतं म्हणून. जिप्सी उंच, त्यामुळे जॅक लागला नाही. चारही चाकं सपाट फरशीवर, चाकांना विटा, आणि मी खाली. एकाच बाजूने उचलली तर गाडी तिरकी राहून लेव्हल चुकते, हे बाबांनी आधीच बजावलं होतं. भरायचं बूच आधी सैल करून पाहिलं, मगच खालचं सोडलं.

खालच्या बुचाचे शेवटचे दोन आटे उरले असताना ऑइल बोटांवरून मनगटापर्यंत आलं. ते काळं नव्हतं. दूध जास्त पडलेल्या कॉफीच्या रंगाचं, घट्टसर, आणि परातीत पडल्यावर त्यात पांढरट रेघा दिसत होत्या. बाबा खुर्चीवरून टॉर्च धरून होते. "पाणी गेलंय," एवढंच म्हणाले.

फ्रिजवरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून परातीत फिरवलं. काजळासारखी मऊ काळी पेस्ट चिकटली. बोटांत चोळली तर खरखर लागत नाही, तुकडा एकही नाही. पुढचं हाउसिंग आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा डबा) यांची वरची बुचं उघडून करंगळी घालून पाहिली. तिथलं ऑइल जुनं आहे, पण दुधाळ नाही.

आता अडलंय ते असं. मागचं हाउसिंग डिझेलने धुवावं का? शेजारचे काका तसंच सांगतात. क्राऊन-पिनियन (हाउसिंगमधली मुख्य गिअरची जोडी) गेलं असं समजायचं का? गॅरेजवाला म्हणतो नव्वद नंबर कुठेही चालतं, ते खरं का? आणि गिअरबॉक्सच्या भरायच्या बुचाचे कोपरे पूर्वी कुणीतरी पाइप पान्याने खाऊन टाकलेत. रिंग पाना नुसता फिरतो. म्हणून गिअरबॉक्सचं खालचं बूच अजून सोडलेलं नाही.

पाना_आणि_फडकं:

ताई, गिअरबॉक्सचं खालचं बूच सोडलं नाहीत, हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे तुर्भ्याला दर पावसाळ्यात एक तरी गाडी टोचन करून येते, ऑइल सोडलेलं आणि भरायचं बूच जाम.

आधी मागचं हाउसिंग. डिझेल अजिबात घालू नका. आमच्या धंद्यात अजून पुष्कळ जण घालतात, मीही पूर्वी घातलंय. पण ते हाउसिंगच्या तळातून आणि बेअरिंगच्या पोटातून पूर्ण निघत नाही, आणि मागे राहिलेलं डिझेल नवीन ऑइल पातळ करतं. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घासत सरकतात. तिथे ऑइलचा थर तुटला की दात खरवडले जातात.

स्वस्तातलं, पण योग्य प्रतीचं गिअर ऑइल भरा. वीस-तीस किलोमीटर शांतपणे चालवा, गरम असतानाच सोडा. रंग पाहा. फिकट असेल तर पुन्हा तेच. बहुतेक दोन वेळा पुरतं. त्यानंतर चांगलं ऑइल. मागच्या हाउसिंगमध्ये दीड लिटरच्या आसपास बसतं, पण बाटली मोजत बसू नका. भरायच्या भोकाच्या कडेवरून धार लागली आणि थेंबावर आली की लेव्हल झाली.

काजळासारखी पेस्ट ही रोजची झीज आहे, तिला घाबरू नका. नखात धरता येईल असा तुकडा मिळाला असता तर मी हाउसिंग उघडा म्हटलं असतं. आवाज ऑइल बदलल्यावर किती राहतो ते ऐका, आत्ताच निकाल लावू नका.

सह्यभटक:

पाणी आत कसं गेलं त्याचा बंदोबस्त केला नाही, तर पुढच्या जुलैत हाच धागा पुन्हा काढावा लागेल. तासभर चालून हाउसिंग तापलेलं असतं, आतली हवा पसरलेली. ते थंड पाण्यात बुडलं की हवा एकदम आकसते आणि मिळेल त्या फटीतून पाणी ओढून घेते. हाउसिंगच्या वरच्या अंगाला ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) असतो, बहुतेक वेळा तिथूनच, नाहीतर झिजलेल्या ऑइल सीलमधून. म्हणजे खोल पाण्यात शिरायच्या आधी हाउसिंग निवू दिलेलं बरं, पण ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये तशी सवड कुठली. ब्रीदर साफ करा, तो मोकळा आहे का ते फुंकून पाहा, आणि त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड चासीच्या वर, जमल्यास बोनेटच्या आत उंच नेऊन बांधा. काम अर्ध्या तासाचं आहे. हे करायच्या आधी माझंही पुढचं हाउसिंग असंच दुधाळ झालं होतं.

आता नव्वद नंबर. नव्वद म्हणजे फक्त जाडी. (ती मोजपट्टीही इंजिन ऑइलची नव्हे. गिअर ऑइलचं ९० हे जाडीला इंजिन ऑइलच्या ४० किंवा ५०च्या जवळ येतं.) बाटलीवर पाहायचं ते जीएल-४ की जीएल-५, म्हणजे ऑइलची प्रत. दोन्ही हाउसिंगना जीएल-५ हवंच, कारण तिथे हायपॉइड (दात घासत सरकणारे) गिअर आहेत आणि त्यांना गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा लागते. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवून देणाऱ्या) रिंगा पितळी असतात. तिथे जीएल-४ घाला. जीएल-५मधलं ते जास्तीचं रसायन तापमान वाढलं की पिवळ्या धातूला खाऊ शकतं, आणि शिवाय ऑइल जास्त निसरडं असल्यामुळे सिंक्रो नीट पकडत नाही, गिअर खरखरतो. जाडीला ८०डब्ल्यू-९० आपल्या हवेला पुरेसं आहे.

पाना_आणि_फडकं:

हे पुस्तकी आहे असं मला वाटायचं. जीएल-५ घातलेले गिअरबॉक्स वर्षानुवर्षं चालताना पाहिलेत, आणि आताची काही जीएल-५ ऑइलं पितळेला पूर्वीइतकी वाईट नाहीत. पण ताईंना नवीनच विकत घ्यायचंय, तर योग्य तेच घ्यावं. ट्रान्सफर केसलाही गिअरबॉक्सचंच चालेल. पण ते वेगळं भरावं लागतं हे विसरू नका. जिप्सीत तो सुटा डबा आहे, गिअरबॉक्समध्ये भरलेलं तिकडे जात नाही.

जाम बुचाचं सांगतो. तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवायचा स्प्रे मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बुचाच्या तोंडावर हातोडीने सरळ, हलके पाच-सहा ठोके द्या. मग सहा कोनी गोटी (म्हणजे सॉकेट; बारा कोनी नको, ती कोपऱ्यांवरच बसते) ठोकून घट्ट बसवा. आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. जोर एकदम लावू नका, गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे.

आणि नाहीच निघालं, तर जिप्सीला दुसरी वाट आहे. गिअर लिव्हर वरून काढता येतो. रबरी बूट आणि लिव्हर काढा, नरसाळ्याने वरून ऑइल ओता. तिथे मात्र लेव्हलचं भोक मदतीला नाही, म्हणून मोजूनच ओतायचं. १.३ लिटरच्या आसपास बसतं, तुमच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. लिव्हर काढल्यावर त्या भोकावर लगेच स्वच्छ फडकं टाका. आत पडलेला छोटा स्क्रू काढायला मला एकदा अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागलाय.

कळवा_ते_मुरबाड:

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. नळीची कल्पना त्यांना इतकी पटली की संध्याकाळीच नळी आणायला लावली.

एक विचारायचं राहिलं. दोनदा धुवायचं म्हणजे मागच्याच हाउसिंगचं साडेचार लिटर जुनं ऑइल, बाकीचं धरून आठ-नऊ लिटर होईल. सोसायटीतला एक जण म्हणाला, बांधकामवाल्याला दे, सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात. मला ते पटत नाही.

सह्यभटक:

देऊ नका. प्लेटांवरचं ऑइल पावसात धुऊन गटारात, तिथून खाडीत. तुमच्या कळव्याला लागूनच आहे ती. २०२२ला ठाणे खाडीला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळालाय, तिथले फ्लेमिंगो त्याच चिखलातलं खातात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि ज्या गॅरेजमधून अधिकृत पुनर्प्रक्रियावाला पिंप उचलून नेतो, तिथे द्या. पाणी झालेल्या ऑइलचा कॅन वेगळा ठेवा आणि देताना तसं सांगा.

पाना_आणि_फडकं:

माझ्याकडे आणा, पिंप आहे. येताना पुढच्या चाकांमागचे गोल नकल (चाक वळवणारे सांधे) पण पाहून घेऊ. जिप्सीत आतलं सील गेलं की हाउसिंगचं ऑइल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ होऊन गोळ्यावरून ओघळायला लागतं. पुढच्या हाउसिंगची लेव्हल कमी निघाली तर हेच कारण समजा.

कळवा_ते_मुरबाड:

आठ दिवसांनी लिहिते आहे.

मागचं हाउसिंग: पहिल्या वेळी ऑइल फिकट चहासारखं निघालं. दुसऱ्या वेळी परातीचा तळ दिसला. आता ८०डब्ल्यू-९० जीएल-५ आहे. आवाज बराच कमी झालाय. ७०ला अजून अगदी बारीक ऐकू येतो, पण बाबांच्या मते तो आधीपासूनचाच असावा. तीन महिन्यांनी पुन्हा बूच उघडून रंग पाहणार आहे.

गिअरबॉक्सचं बूच तिसऱ्या रात्रीनंतर सुटलं. सहा कोनी गोटी ठोकून बसवली, थोडं आवळलं, मग टॉमीवर (गोटीच्या दांड्यावर) दोन्ही हात ठेवून सावकाश ओढलं. टक् असा आवाज आला तेव्हा वाटलं बूच तुटलं, पण ते फिरलं होतं. लिव्हर काढावा लागला नाही. निघालेल्या ऑइलमध्ये टॉर्चखाली बारीक सोनेरी चमक दिसली, चुंबकाला ती चिकटली नाही. म्हणजे पितळ, सिंक्रोचं. दुसरा गिअर सकाळी थोडा अडतो त्याचं कारण तेच असणार. जीएल-४ घातल्यावर अडणं कमी वाटतंय, पण एका आठवड्यात खात्रीने नाही सांगता येणार. बूच नवीन आणून बसवलं, आट्यांना सीलंटचा पातळ थर लावून.

पुढच्या हाउसिंगला दोन लिटर सांगितलंय, निघालं दीड. डाव्या नकलच्या खाली ओघळ आहे. शनिवारी दोन्ही कॅन घेऊन तुर्भ्याला येते आहे. डावं सील आणि ग्रीस सोबत आणू की तुमच्याकडे मिळेल?