मदत हवी आहे: लहान ऑफिससाठी सर्व्हर कोणता घ्यावा? (तातडीचं)

वैतागराव
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या शेअर फोल्डरने डोकं उठवलंय. सकाळी सगळं ठीक असतं, अकराच्या सुमारास कोणाचं ना कोणाचं उघडेनासं होतं. मशीन रीस्टार्ट केलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. साहेब म्हणतात, एकदाचा सर्व्हर घेऊन टाका. परवा यादी द्यायची आहे. सर्व्हर, राउटर, स्विच, कोणते घेऊ? थेट मॉडेल सांगा. "आधी गरज ओळखा" छापाची व्याख्यानं नकोत, ती भरपूर वाचून झालीत.

निळी_शाई
व्याख्यान नाही, प्रश्न आहेत. माणसं किती? फोल्डर सध्या कशावर आहे? मशीन तारेने जोडलीत की वायफायवर? फाईली कसल्या? आणि अडतं तेव्हा स्क्रीनवर नेमकं काय येतं?

ढगातला
अजून सर्व्हर विकत घेतं कोणी? सगळं क्लाऊडवर टाका आणि मोकळे व्हा.

वैतागराव
@निळी_शाई, माणसं चौदा. फोल्डर एका चांगल्या मशीनवर आहे, त्यावर कोणी बसत नाही. फाईली नेहमीच्याच. एरर येतो कनेक्शनबद्दल काहीतरी. मॉडेल सांगणार का कोणी?

जुनी_हाडं
@ढगातला, आणि इंटरनेट गेलं की चौदा जणांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं? "नेहमीच्याच" म्हणजे ड्रॉइंग आणि व्हिडिओ असतील तर सिंकमध्येच दिवस जाईल.

ढगातला
इंटरनेट गेल्यावर तसंही कोण काम करतं? हलके घ्या.

पेंग्विनप्रेमी
पैसे वाया घालवू नका. एखादा जुना डेस्कटॉप घ्या, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाका, त्यावर सांबा, विंडोजवाल्यांना फोल्डर शेअर करून देतो तो. १९९२ पासूनचं सॉफ्टवेअर आहे, कुठे कुठे दणकून चालतंय. मी स्वतः असंच लावलंय, कोणी ढुंकून बघत नाही त्या डब्याकडे.

जुनी_हाडं
ढुंकून बघत नाही हीच तर अडचण. तुम्ही सुट्टीवर असताना डिस्क गेली तर कॉन्फिग फाईल कोण उघडणार, धागाकर्ते? त्यापेक्षा दोन डिस्कचा तयार नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा फाईलींचा डबा, घ्या. वेब पानावर सगळं होतं, डिस्क बिघडली की मेल येतो.

पोर्ट८०
ट्रॅफिक किती आहे त्यावर अवलंबून आहे. सुरुवातीला डेडिकेटेड (भाड्याचा अख्खा सर्व्हर) नको, व्हीपीएस (त्यातला एक वाटा) पुरे. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, आपोआप नूतनीकरण लावायला विसरू नका.

निळी_शाई
@पोर्ट८०, वेबसाईट नाही हो, ऑफिसातला शेअर फोल्डर आहे.
@वैतागराव, "कनेक्शनबद्दल काहीतरी" चालणार नाही. शब्दशः द्या. आणि त्या चांगल्या मशीनवर विंडोज कोणतं?

पोर्ट८०
असो, पुढेमागे वेबसाईट लागेलच.

सेंटॉसचा_वारस
डेबियनच का? मी वर्षानुवर्षं सेंटॉसवर...

पेंग्विनप्रेमी
सेंटॉस ८ ला २०२९ पर्यंतचा शब्द दिला होता आणि २०२१ च्या अखेरीस गुंडाळलं. त्या दिवसापासून नाव घेत नाही.

सेंटॉसचा_वारस
म्हणून तर त्याच्या जागी अल्मा आणि रॉकी निघाले. तुम्ही अजून तिथेच अडकलात.

(पुढचे काही प्रतिसाद काढून टाकले आहेत)

वैतागराव
डिस्ट्रोचं (लिनक्सच्या प्रकारांचं) भांडण वेगळ्या धाग्यात घ्या की. विंडोज ११ प्रो. एरर इंग्रजीत आहे, अर्थ असा: "या संगणकाशी आता आणखी कनेक्शन जोडता येणार नाहीत, कारण तो जितकी स्वीकारू शकतो तितकी आधीच जोडलेली आहेत." आणखी एक, कोपऱ्यातल्या चौघांना फाईल उघडायला जन्म लागतो. तेही सर्व्हरने सुटेल ना?

निळी_शाई
पहिलं सापडलं. विंडोज १० काय, ११ काय, होम काय, प्रो काय, फाईल शेअरिंगला एका वेळी २० च उपकरणं जोडू देतं. मर्यादा परवान्यातच आहे. रॅम वाढवून किंवा प्रोसेसर बदलून ती हलत नाही.

वैतागराव
पण माणसं चौदा आहेत!

निळी_शाई
माणसं नका मोजू, जोडण्या मोजा. दोन मशीनवाले किती? स्कॅनर थेट फोल्डरमध्ये टाकतो का? मीटिंगच्या खोलीत काही आहे?

वैतागराव
सहा जणांकडे डेस्कटॉपशिवाय लॅपटॉप आहेत, ते फिरतीवरून येऊन अकराला उघडतात. दोन स्कॅनर, हो, फोल्डरमध्येच टाकतात. मीटिंगच्या खोलीत एक मशीन.

निळी_शाई
म्हणजे २३. म्हणूनच अकरा वाजता अडतं, आणि रीस्टार्टने सगळ्या जोडण्या तुटतात म्हणून थोडा वेळ बरं वाटतं. त्या मशीनवर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "नेट सेशन" (इंग्रजीत net session) मारा. कोण कोण जोडलंय ते पत्त्यासकट दिसेल. रिकामी बसलेली जोडणी मुळात १५ मिनिटांनी सुटते, पण फाईल उघडी ठेवून गेलेला माणूस जागा अडवून बसतो. यादीत "ओपन्स" खाली शून्य नसेल तो तसला.

परवानाधारक
मग सरळ विंडोज सर्व्हर. एसेन्शियल्स आवृत्तीत २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणांपर्यंत वेगळे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचे परवाने, घ्यावे लागत नाहीत. चौदा माणसांना चपखल बसतं.

जुनी_हाडं
नुसत्या फोल्डरसाठी? डोमेन, पॉलिसी (सगळ्यांची खाती आणि नियम एका जागेवरून चालवणं) असं काही लागत असेल तर ठीक. नॅसला हा २० चा अडसर नाही. सांबालाही नाही, हे पेंग्विनप्रेमी रागावण्याआधी लिहून टाकतो.

पेंग्विनप्रेमी
धन्यवाद. नॅसच्या पोटात बहुतेक वेळा सांबाच असतो, जाता जाता सांगतो.

तारबहाद्दर
कोपऱ्यातले चौघे माझ्या वाटणीचे. त्यांच्या टेबलाखाली छोटा स्विच आहे? त्यावर "१०/१००" लिहिलंय का बघा. शंभर मेगाबिटवर सेकंदाला जेमतेम ११-१२ मेगाबाइट जातात, गिगाबिटवर ११० च्या आसपास. कितीही भारी सर्व्हर आणा, त्या चौघांना मिळून तेवढंच मिळणार. स्विच गिगाबिट असूनही तिथल्या मशीनची लिंक १०० दाखवत असेल तर केबल तपासा. शंभरला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्या जास्तीच्या चारांपैकी एक जरी तुटली की बिचारी जोडणी निमूटपणे १०० वर उतरते, कोणाला सांगत नाही.

केबल नवी टाकणार असाल तर कॅट ६, शुद्ध तांब्याची. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती घेऊ नका. आणि राउटरला हात लावू नका. एकाच नेटवर्कमधल्या फाईली राउटिंगपर्यंत जातच नाहीत, स्विचवरूनच वळतात.

वैतागराव
हो, काळा छोटा स्विच आहे, १०/१०० च लिहिलंय. बदलतो. म्हणजे राउटर यादीतून काढू? पण घरूनही फोल्डर उघडायला हवा, त्याला तर राउटर लागेल ना?

जुनी_हाडं
घरून!! हे आता?

वैतागराव
ते तर हवंच असतं ना सगळ्यांना. त्यात सांगण्यासारखं काय?

झटपट_उपाय
राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) बाहेरून आत फॉरवर्ड करा, रिमोट डेस्कटॉपने घुसा. पाच मिनिटांचं काम.

तारबहाद्दर
पाच मिनिटांत तुम्ही घुसाल आणि सहाव्या मिनिटाला दुसरं कोणीतरी. ३३८९ आणि ४४५ (फाईल शेअरिंगचा पोर्ट) इंटरनेटला उघडे ठेवणं म्हणजे दाराच्या कुलपातच किल्ली ठेवून जाणं. व्हीपीएन हवं, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात यायचा कुलूपबंद बोगदा. वायरगार्ड बघा, मार्च २०२० च्या ५.६ कर्नलपासून ते लिनक्सच्या आतच आहे. कित्येक राउटर आणि नॅसमध्येही तयार मिळतं.

झटपट_उपाय
माझं कित्येक वर्षं उघडंच आहे, काही झालं नाही.

तारबहाद्दर
झालेलं कळलं नसेल.

निळी_शाई
@वैतागराव, आधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर पुरवठादाराने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलंय. पोर्ट फॉरवर्ड चालणार नाही, वायरगार्डही थेट आत येणार नाही. मग टेलस्केलसारखं, पोर्ट न उघडता जोडून देणारं व्हीपीएन लागेल, किंवा पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता मागा. स्कॅनर जुने असतील तर नव्या डब्यावर "एसएमबी १ (फाईल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करा" म्हणून हटून बसतील. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. स्कॅन मेलने पाठवा किंवा एफटीपीने वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

पेंग्विनप्रेमी
नॅसच घेणार असाल तर निदान झेडएफएसवाला (फाईलीतली बिघाड पकडणारी साठवण पद्धत) घ्या. ईसीसी (चुका सुधारणाऱ्या) रॅमसकट.

जुनी_हाडं
ईसीसीशिवायही झेडएफएस चालतं, उगाच घाबरवू नका. त्यापेक्षा हे सांगा की रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते, आणि खंडणीचा व्हायरसही दोन्हीकडे सारखाच कुलूप लावतो. स्नॅपशॉट (फोल्डरची त्या त्या वेळची जपलेली अवस्था) चालू ठेवा, शिवाय एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक इमारतीबाहेर. ती बाहेरची डिस्क एरवी काढून ठेवायची, कायम जोडलेली नको.

ढगातला
"इमारतीबाहेर" म्हणजे क्लाऊडच की. आलात ना फिरून माझ्याकडे?

जुनी_हाडं
प्रत ठेवायला या, राहायला नको.

वैतागराव
यादी अशी झाली: दोन डिस्कचा नॅस, एक गिगाबिट स्विच, बाहेरची डिस्क. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) घेऊ की साधा?

तारबहाद्दर
फोन, कॅमेरे किंवा पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं असेल तर मॅनेज्ड. नाहीतर साधा पुरे. फक्त एकच केबल चुकून दोन्ही टोकांनी स्विचमध्ये खुपसली तर साध्यावर सगळं ऑफिस बसतं. मॅनेज्डवर एसटीपी (असे फेरे ओळखून तोडणारी सोय) चालू असेल तर वाचता.

जुनी_हाडं
यादीत यूपीएस घाला, यूएसबीने नॅसला जोडता येणारा. वीज गेल्यावर नॅस स्वतःहून नीट बंद होतो.

वैतागराव
घातला. "नेट सेशन" मारून पाहिलं. १९ दिसले, सगळे ओळखीचे, फक्त शेवटी ७७ असलेला पत्ता कोणाचाच नाही. घाबरू का?

निळी_शाई
राउटरच्या डीएचसीपी यादीत (कोणत्या उपकरणाला कोणता पत्ता दिला ती) तो पत्ता शोधा. समोर मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) असेल, त्याची पहिली सहा अक्षरं उपकरण बनवणारी कंपनी सांगतात.

वैतागराव
रिसेप्शनचा टीव्ही निघाला. कोणीतरी त्यावर फोटो लावायला फोल्डर जोडून ठेवलाय. म्हणजे २४.

थोडं_विचारू_का
छान चर्चा, वाचनखूण साठवली. माझा प्रिंटर वायफायवर सारखा ऑफलाइन दाखवतो, कोणता घेऊ?

तारबहाद्दर
वेगळा धागा काढा. आणि मॉडेल विचारण्याआधी प्रिंटरला स्थिर पत्ता दिलाय का ते लिहा.