सल्ला हवाय: बारकावे नीट असलेलं मॉडेल इंजिन कोणत्या कंपनीचं घ्यावं? (बाबा जुने ड्रायव्हर आहेत)

घाटवाला_ज्युनियर
नमस्कार मंडळी. बाबा मध्य रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी कल्याण ते इगतपुरी आणि कर्जत-लोणावळा घाटात. सुरुवातीची वर्षं असिस्टंट म्हणून ‘खेकड्या’वर, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ या विजेच्या इंजिनावर काढली. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत, तेव्हा एक मॉडेल इंजिन द्यायचं मनात आहे. शोकेसमध्ये राहील, कधीतरी दोन-तीन फूट रुळावर मागेपुढे झालं तरी बास. मुलुंडला वन बीएचके आहे, त्यामुळे त्याहून जास्तीची स्वप्नं नाहीत. बजेट ४० हजार.
अडचण एकच. बाबा इंजिनाचा रंग बघत नाहीत, पेंटो (टपावरचा वीज घेणारा सांगाडा) बघतात, पायऱ्या बघतात, हँडरेल बघतात. मार्कलिन, रोको, पिको, हॉर्नबी वाचून वाचून डोकं गरगरलं. फोटोत सगळीच चकाचक. बारकाव्यात सरस कोण?

दादर_बारा_डबा
आधी स्केल (खऱ्याच्या किती पट लहान) ठरवा, कंपनी नंतर. हॉर्नबी ब्रिटिश, ओओ म्हणजे १:७६. बाकी तिघांचं तुम्ही बघताय ते एचओ, १:८७. रूळ, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, मात्र दोघांचा १६.५ मिमी! त्यामुळे शेजारी ठेवलीत तर हॉर्नबीचं इंजिन थोराड दिसतं आणि रूळ त्याच्या पायाखाली अरुंद. वन बीएचके असेल तर एन गेजही बघा (१:१६०, रूळ ९ मिमी).

रिव्हेट_मोज्या
एन नको. पंचाहत्तरीच्या डोळ्यांना १२ सेंटिमीटरच्या इंजिनात काय दिसणार? एचओच घ्या.

आता बारकाव्याचं. कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि एक गुणाकार करा. खरी हँडरेल साधारण २५ मिमी जाडीची असते, ती एचओमध्ये ०.३ मिमी व्हायला हवी. स्वस्त मॉडेलात प्लॅस्टिकची ०.८ मिमीची दांडी लावतात. तिला ८७ ने गुणा, ७० मिमी येतात. म्हणजे इंजिनाच्या दाराशी ड्रायव्हरने धरायला बाथरूमचा पाइप! फोटोत हे खटकत नाही, हातात घेतलं की लगेच खटकतं. त्याहून वाईट म्हणजे दांडी वेगळी लावलेलीच नसते, बॉडीच्या साच्यातच उंचवटा काढून वर रंगाची रेघ मारलेली असते.
म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, की हँडरेल वेगळी बसवलेली आहे की साच्यातली? आणि तारेची की प्लॅस्टिकची? एकाच कंपनीत दोन्ही प्रकार मिळतात. पिकोची ‘हॉबी’ मालिका वेगळी, ‘एक्स्पर्ट’ वेगळी. हॉर्नबीची ‘रेलरोड’ मालिका मुद्दाम साधी ठेवतात. त्यामुळे ‘पिको चांगलं की हॉर्नबी’ हा प्रश्नच फसवा आहे.

दुसरं, चाकाची कड, म्हणजे रुळाच्या आत उतरून चाक घसरू न देणाऱ्या काठाची उंची. खरी ३० मिमीच्या आसपास, म्हणजे एचओत ०.३५ मिमीसुद्धा नाही. एवढी बारीक ठेवली तर घरगुती रुळावर गाडी टिकणार नाही, म्हणून सगळेच ती वाढवतात. अमेरिकन आरपी-२५ मापात ती साधारण ०.६४ असते, युरोपियन नियमात १.२ मिमीपर्यंत चालते. जुन्या खेळण्यांची चाकं पिझ्झा कापायच्या चकतीसारखी दिसायची ती यामुळेच. शोकेससाठी घेताय तर बारीक कडेचं घ्या. रूळही ‘कोड १००’ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) नको, त्याची उंची २.५४ मिमी, म्हणजे खऱ्यात २२१ मिमी. आपला मीटरला ६० किलोचा रूळ १७२ मिमी उंच असतो. ‘कोड ८३’ किंवा ‘कोड ७५’ घेतलात तर बाबांच्या नजरेला बरा वाटेल.

माझ्या मते ब्रावा ही आणखी एक कंपनी आणि रोको वेगळ्या बसवलेल्या बारीक भागांत पुढे. रोकोबरोबर एक पुडी येते, ब्रेकचे होज (नळ्या), पायऱ्या वगैरे आपण लावायच्या. समोर कपलर (डबा जोडायचा आकडा) ठेवला तर होज लावता येत नाहीत. तुम्हाला डबे ओढायचे नाहीत, तेव्हा कपलर काढा आणि होज लावा.

तीन_रूळ
मार्कलिनवर अन्याय नको. धातूची बॉडी, हातात घेतल्यावर जे वजन लागतं ते प्लॅस्टिकात कुठे? जुन्या ड्रायव्हरला वजन आधी कळतं. मात्र लक्षात ठेवा, मार्कलिन दोन रुळांच्या मधल्या ठिपक्यांवरून वीज घेतं, साध्या दोन रुळांवर ठेवलंत तर शॉर्ट. तीच बॉडी दोन रुळांसाठी हवी तर ट्रिक्स नावाने बघा, घर एकच आहे.

रिव्हेट_मोज्या
वजन मान्य. पेंटो मात्र मी रोकोचाच घेईन.

घाटवाला_ज्युनियर
आभार! स्विस ‘क्रोकोडाइल’ मार्कलिन, ट्रिक्स आणि रोको तिघांत दिसतंय. खेकड्याचा भाऊच वाटतो. तेच घेऊ का?

रिव्हेट_मोज्या
भाऊ नाही, चुलतभाऊ. लांब नाक, मधे केबिन, बाजूने दांड्यांनी जोडलेली चाकं, हे सारखं. विंटरथुरच्या एसएलएम कारखान्याचा हात दोघांना लागलाय, स्विस १९१९ पासूनचं, आपलं १९२८ चं. पण स्विसवाल्याला दोन्ही टोकांना एकेक छोटं बिनताकदीचं चाक आहे, खेकड्याला नाही. शिवाय आपलं १५०० व्होल्ट डीसीचं. आणि खरी गोची गेजची: आपला १६७६ मिमीचा रूळ एचओत १९.३ व्हायला हवा, मिळतो १६.५. युरोपियन मॉडेलला रंग मारून ‘इंडियन’ म्हणून विकतात तिथे इंजिन टाचा जुळवून उभं राहिल्यासारखं दिसतं ते ह्यामुळे. त्यापेक्षा स्विस आहे ते स्विस म्हणूनच द्या.
आवाजवालं, डिजिटल घेऊ नका. पैसे डीकोडरमध्ये (डिजिटल संदेश ओळखणाऱ्या चिपमध्ये) जातील आणि तुमचं बजेट सीमाशुल्कातच हाशहुश करेल. साधं अॅनालॉग घ्या, १२ व्होल्टचा कंट्रोलर पुरे.

पार्ल्याची_मावशी
एक सांगू? घ्यायच्या आधी बाबांना पुण्याला घेऊन जा. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे त्यांचे डोळे कशावर थांबतात ते बघ आणि मग ठरव. आणि मुंबईच्या पावसाळ्यात उघडं ठेवू नको हो, अॅक्रिलिकची पेटी आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. आमच्या ह्यांचं इंजिन दोन पावसाळ्यांत रुसलं.

घाटवाला_ज्युनियर
मावशी, काल डाव टाकला. ‘मित्राने पाठवलाय’ म्हणून क्रोकोडाइलचा फोटो मोबाइलवर दाखवला. बाबांनी दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, “हा आपला नव्हे. ह्याला पुढं फालतू चाक आहे.” मग पाच मिनिटं दांड्याच बघत बसले. चहा गार.
रोको आणि ट्रिक्समध्ये अडकलोय. रविवारी डेक्कनने पुण्याला निघतोय, संग्रहालय उघडं असतं का ते आधी फोन करून विचारतो.

तीन_रूळ
ट्रिक्स. वजन!