शशशृंग की मृगजळ?

मुलुंडची आई: मुलगी आठवीत आहे. 'माझे शहर' या निबंधात तिने लिहिलं, 'मुंबईत स्वतःचं घर म्हणजे आमच्यासाठी शशशृंग.' बाईंनी लाल पेनाने शशशृंग (सशाचं शिंग) खोडून वर 'मृगजळ' लिहिलं. दोन्ही नसलेल्याच गोष्टी ना? मग एक चूक आणि एक बरोबर कसं?

गिरगावकर: ताई, बाईंचं बरोबर आहे. मृगजळ दिसतं. एप्रिलच्या भर दुपारी पूर्व द्रुतगती महामार्गावर लांब नजर टाका, डांबरावर पाणी साचल्यासारखं चकाकत असतं. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ होते, आकाशाचा उजेड तिथे वाकून आपल्या डोळ्यांत येतो. त्याचा फोटोसुद्धा निघतो, फक्त पाणी नसतं. मुंबईतलं घरही असंच, होर्डिंगवर रोज दिसतं आणि जवळ जावं तसं लांब सरकतं.

सशाचं शिंग चुकूनही कुणाला दिसत नाही. ससा खरा, शिंगही खरं, दोघांची सांगड तेवढी खोटी. खपुष्पाचं, म्हणजे आकाशातल्या फुलाचं, तेच. शब्द ऐकला की मनात काहीतरी उमटतं, पण त्याच्यामागे वस्तू नसते. पतंजलींच्या योगसूत्रांत याला 'विकल्प' म्हटलं आहे. आज आपल्याला विकल्प म्हणजे फक्त पर्याय माहीत.

याच रांगेत वंध्यापुत्र, म्हणजे मूल न झालेल्या बाईचा मुलगा, येतो, पण तो या दोघांच्याही पुढचा. शिंगवाला ससा निदान चित्रात काढता येतो, वंध्यापुत्र कसा काढणार? मूल झालं की आईचं 'वंध्या' हे विशेषणच गळून पडतं. तर्काला उदाहरण चोख आहे, तरी मी ते बोलण्यात वापरत नाही. तो शब्द तोंडावर ऐकून घेतलेल्या बायका आपल्या घरांत आहेत.

उंबराचं फूल मात्र यांच्यात घालू नका. ते असतं, फळाच्या आत. ज्याला आपण उंबर म्हणतो त्याच्याच पोटात बारीक फुलं दाटलेली असतात.

परळकर: माझा प्रश्न जरा वेगळा. आमची चाळ पुनर्विकासात पाडली. हातात पत्र आहे, त्यावर खोली क्रमांक १४०३. जागेवर सध्या खड्डा आणि त्यात पावसाचं पाणी. आई रोज म्हणते, 'आपल्या १४०३ मध्ये देव्हारा पूर्वेच्या भिंतीला लावू.' हे शशशृंग नव्हे आणि मृगजळही नव्हे. मग काय?

गिरगावकर: प्रागभाव. घडा घडण्याआधीचं त्याचं नसणं. न्याय आणि वैशेषिक या जुन्या दर्शनांचे पंडित म्हणतात, प्रागभावाला आरंभ नाही, पण अंत आहे. घडा झाला की तो संपला. आईंना हे जरूर सांगा.

घडा फुटल्यानंतरचं नसणं म्हणजे प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, अंत नाही. तुमची चाळ त्यात गेली आणि मुंबईतली कितीतरी नावंही. चर्चगेट हे किल्ल्याचं दार होतं, तटबंदीसोबत १८६०च्या दशकात पडलं. फोर्टात फोर्ट नाही, धोबीतलावात तलाव नाही. काळा घोडा हा घोडेस्वाराचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, तरी लोक काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा केला, स्वाराशिवाय.

आणि तुम्ही दोनदा 'नव्हे' लिहिलंत, फार बरं वाटलं. 'इथे ससा नाही' म्हणजे सशाचा अभाव. 'हा ससा नव्हे' म्हणजे समोर काहीतरी आहे, पण ते दुसरंच. शास्त्रात त्याला अन्योन्याभाव असं भारी नाव आहे, मराठीत एका क्रियापदात काम होतं. हल्ली दोन्हीकडे 'नाही'च ऐकू येतं, तो फरक हातचा जातोय.

मुलुंडची आई: मुलीला सगळं वाचून दाखवलं. बाईंचं पटलं, पण 'नव्हे' तिला पुस्तकी वाटतं. माझी आजी अंगणात बोरं निवडताना म्हणायची, 'अगो, हे पिकलेलं नव्हे, किडकं आहे.' तेच वाक्य तिला सांगितलं.