मदत हवी आहे: लग्नाच्या शूटसाठी मेमरी कार्डं – व्ही३० पुरेल की थेट व्ही९०?

अंतरपाट

नमस्कार मंडळी,

काम लग्नाचं, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. मुंबई-ठाण्यातले हॉल. कॅमेरे दोन: हातात सोनी ए७ थ्री, ट्रायपॉडवर सोनी झेडव्ही-ई१०. दोन्हीवर व्हिडिओ ४के, सेकंदाला १०० मेगाबिटवर. कार्डं चार, सगळी १२८ जीबी, सगळ्यांवर १७० एमबी, यू३ आणि व्ही३० (दोन्ही लिहिण्याच्या वेगाचे दर्जे) छापलेलं. अडचणी अशा:

१. ए७ थ्रीचं रेकॉर्डिंग अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबतं. कार्ड बदललं तरी तेच.
२. झेडव्ही-ई१० मध्ये चारांपैकी एकच कार्ड मधेच दगा देतं. कार्डाचा वेग पुरत नाही अशा अर्थाची सूचना येते.
३. भरलेलं कार्ड लॅपटॉपवर उतरवायला तासभर लागतो.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू. त्याआधी सगळी कार्डं काढून व्ही९० घ्यावीत असा विचार आहे. मुंबईत खात्रीची कुठे मिळतील तेही सांगा.

बिटरेट_बंड्या

थांबा, पाकीट आत ठेवा. तुमच्या तीन अडचणींची तीन वेगळी कारणं आहेत आणि त्यातलं एकच कार्डाचं आहे.

पहिलं. ए७ थ्रीमध्ये सलग रेकॉर्डिंगला साधारण २९ मिनिटांची मर्यादा कंपनीनेच घातलेली आहे. व्ही९० घाला नाहीतर सोन्याचं कार्ड घाला, तो तिथे थांबणारच. उपाय एकच, आपण होऊन थांबवायचं. अंतरपाट धरायच्या आधी रेकॉर्डिंग बंद करून लगेच पुन्हा सुरू करा, म्हणजे मंगलाष्टकं एका सलग क्लिपमध्ये येतील. झेडव्ही-ई१० ला ही मर्यादा नाही, म्हणून ट्रायपॉडवर तोच आहे ते बरोबर आहे. फक्त त्यात ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर 'हाय' वर ठेवा, नाहीतर हॅलोजनखाली तापून बंद पडेल आणि दोष पुन्हा कार्डाला लागेल.

आता हिशेब. कॅमेऱ्यातला १०० हा आकडा मेगाबिटचा, कार्डावरचा मेगाबाइटचा. आठने भागा: १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. व्ही३० म्हणजे सलग लिहिताना वेग ३० एमबीच्या खाली जाणार नाही ही हमी. म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त तुमच्याकडे आधीच आहे, कार्ड खरं असेल तर. व्ही९० ची गरज ६०० मेगाबिटवाल्या ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणाऱ्या) फॉरमॅटला पडते (६०० भागिले ८, म्हणजे ७५ एमबी), आणि तो तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत नाहीच.

कार्डावरचा तो ठसठशीत १७० चा आकडा विसरा. तो वाचण्याचा वेग असतो, तोही 'पर्यंत'. यूएचएस-१ या जोडणीची प्रमाणित कमाल मर्यादा १०४ एमबी. त्यावरचे १७०, २०० हे आकडे कंपन्या आपल्या खास पद्धतीने काढतात आणि ते जुळणाऱ्या कार्ड रीडरमध्येच दिसतात. कॅमेऱ्यात त्यांचा उपयोग शून्य.

कामाची खूण म्हणजे इंग्रजी व्ही आणि त्यापुढचा आकडा. नसेल तर यू च्या आतला ३, तोही ३० एमबीच. सी१० आणि यू१ म्हणजे फक्त १० एमबी, ४के ला नकोच. मायक्रोएसडीवर ए१, ए२ असतं ते मोबाइलमधल्या ॲपसाठी.

नॉनलिनियर

बंड्याशी सहमत. तिसऱ्या अडचणीचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. १२८ जीबीला तास, म्हणजे सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास. हा यूएसबी २ चा वेग झाला. कार्ड निर्दोष आहे, वाट अरुंद आहे. तीन ठिकाणी बघा: रीडर यूएसबी ३ चा आहे का, लॅपटॉपचं पोर्ट ३ चं आहे का (पुष्कळ लॅपटॉपवर आत निळी पट्टी असते), आणि केबल. टाइप-सी रीडरबरोबरची केबल हरवली की लोक मोबाइलच्या चार्जरची लावतात. त्यातल्या बहुतेक आतून यूएसबी २ च्याच असतात. तोंड सारखं असल्याने कळत नाही. वाट मोकळी झाली की हेच कार्ड २५ मिनिटांच्या आसपास उतरेल, पलीकडची डिस्क तेवढी चालणारी असेल तर.

आता खरा मुद्दा, दोन नंबर. सोनीचे कॅमेरे कार्डाने सांगितलेला दर्जा बघतात. यू३ नसेल तर १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग सुरूच करू देत नाहीत. तुमचं सुरू होऊन मधे थांबतं, म्हणजे कार्ड स्वतःला यू३ म्हणवतंय पण निभावत नाही. शक्यता तीन: नकली, झिजलेलं, किंवा आत पसारा झालेलं.

पसाऱ्याबद्दल लोकांना माहीत नसतं. वेगाची हमी कार्डावर सलग रिकामे गाळे असतील तरच लागू होते. 'जागा कमी पडतेय, दोन क्लिपा उडवू' असं मधून मधून केलं की उरतात ती विखुरलेली भोकं. तिथे लिहायला कार्डाला जुना मजकूर आधी हलवावा लागतो आणि वेग मधेच कोसळतो. म्हणून क्लिपा सुट्या उडवायच्या नाहीत. कामाच्या आदल्या दिवशी दोन ठिकाणी प्रत आहे याची खात्री करून कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. संगणकावर करायचंच असेल तर एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर वापरा, विंडोजचा साधा फॉरमॅट नको.

तपासणी अशी. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३, दोन्ही मोफत. कार्ड रिकामं करा, यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घाला (यूएसबी २ वर चारही कार्डं सारखीच सुस्त दिसतील), सगळी जागा भरण्याचा पर्याय निवडा आणि लिहून-पडताळून होऊ द्या. तासभर धरा. शेवटी दोन गोष्टी बघायच्या. क्षमता: नकली कार्ड १२८ सांगतं आणि आत ३२ असते, त्यापुढचं सगळं लिहिल्यासारखं दिसतं आणि असतं कचरा. दुसरं, लिहिण्याचा सरासरी वेग. क्षमता खरी पण आतली चिप हलकी, अशीही नकली कार्डं असतात आणि ती जास्त फसवतात, कारण फोटोंना चालून जातात. बरं यूएचएस-१ व्ही३० कार्ड ६०-८० च्या आसपास सरासरी देतं. २० च्या खाली आलं तर संशय घ्या.

पार्लेकरीण

व्हिडिओपुरतं वरचं सगळं मान्य. पण त्या फोटोही काढतात, ते कुणी लक्षातच घेत नाहीये. अक्षता पडतात तेव्हा सेकंदाला १० फ्रेमचा बर्स्ट (सलग फोटो) मारला की ए७ थ्रीचा बफर (आतली तात्पुरती मेमरी) ८९ कंप्रेस्ड रॉवर (प्रक्रिया न केलेल्या फोटोंवर) भरतो. एक रॉ साधारण २५ एमबी, म्हणजे सव्वादोन जीबी बाहेर काढायचे. यूएचएस-१ कार्डावर त्याला अर्ध्या मिनिटाजवळ जातं, व्ही६० च्या यूएचएस-२ (पट्ट्यांची दुसरी ओळ असलेल्या, जास्त वेगवान जोडणीच्या) कार्डावर साधारण निम्मं. हार घालताना तो फरक कळतो. त्यामुळे एक व्ही६० कार्ड घ्यावं या मताची मी आहे. व्ही९० तरीही नको.

आता सापळा. ए७ थ्रीत दोन खाचा आहेत, पण यूएचएस-२ फक्त खालच्या, म्हणजे स्लॉट १ ला आहे. वरची यूएचएस-१. महागडं कार्ड वरच्या खाचेत घालून 'काही फरक नाही बुवा' म्हणणारे ढिगाने भेटतात. दुसरं, दोन्ही खाचांत एकाच वेळी रॉ लिहायला लावलं तर कॅमेरा हळू कार्डाच्या चालीने चालतो. त्यावर तोडगा: रॉ खालच्या कार्डावर, जेपेग वरच्यावर अशी वाटणी लावा. व्हिडिओ मात्र दोन्हीकडे एकाच वेळी लिहिला जाऊ द्या. १२.५ एमबीच लागतात, वरचं व्ही३० आरामात झेपवतं, आणि प्रत जागेवरच तयार होते.

झेडव्ही-ई१० ला खाच एकच, तीही यूएचएस-१. तिथे व्ही६० घालणं म्हणजे शुद्ध पैसे वाया.

बिटरेट_बंड्या

@पार्लेकरीण, बर्स्टचा मुद्दा बरोबर, मी व्हिडिओतच अडकलो. व्ही६० एक घ्या, दोन नको.

क्षमतेचं राहिलं. १०० मेगाबिटला तासाला ४५ जीबी. १२८ चं कार्ड पावणेतीन तास जातं. २५६ चं एकच घालून निवांत बसू नका, ते गेलं तर अख्खं लग्न गेलं. झेडव्ही-ई१० चं कार्ड सीमान्तपूजन झालं की बदलायचं, भरलेलं असो वा नसो.

फोर्टकर

खरेदीचं सांगतो. कॅमेऱ्याचं सामान घ्यायचं तर सीएसएमटीला उतरून डी. एन. रोड आणि बोरा बझार. लॅमिंग्टन रोडवर रीडर, केबल, एसएसडी चांगली मिळते. मनीष मार्केटमध्ये किंवा स्टेशनबाहेर सुटं, पाकिटाबाहेरचं कार्ड मिळतं ते भावाकडे न बघता सोडून द्या.

पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं लेबल हवंच, कायद्याने बंधनकारक आहे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर नुसतं 'मेमरी कार्ड' नको, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी त्याच्यावरच अडतं. दुकानदार 'बिलाशिवाय कमी लावतो' म्हणाला तर तो किंमत कमी करत नसतो, वॉरंटी काढून घेत असतो. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण ते बघा, पाकीट फोडतानाचा व्हिडिओ काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत वर सांगितलेली चाचणी लावा.

नावं हवीत तर: व्ही३० मध्ये सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो किंवा किंग्स्टन कॅनव्हास गो प्लस. व्ही६० मध्ये लेक्सार १६६७एक्स किंवा सोनी टफचं एम मालिकेतलं. टफ कार्डाला लॉकची पट्टी आणि मागच्या बारीक कडा नसतात, त्यामुळे मोडायला काही उरत नाही. साध्या कार्डाची लॉकपट्टी ढिली झाली की ते आपोआप लॉक होतं, ऐन वेळी. सॅनडिस्कची नकली सगळ्यांत जास्त निघतात, तेव्हा ती घेताना दुप्पट डोळे उघडे.

अंतरपाट

सगळ्यांचे मनापासून आभार. केबल खरंच चार्जरची निघाली. बदलल्यावर अर्ध्या तासाच्या आत कार्ड उतरलं.

चारही कार्डांची चाचणी लावली. तीन कार्डं ७० च्या पुढे. अडणाऱ्या कार्डाची क्षमता बरोबर, एकही चूक नाही, पण लिहिण्याचा वेग सरासरी १४. कॅमेऱ्याला १२.५ च लागतात, मग १४ वर का थांबतं? आणि हे कार्ड फोटोंना वापरू का?

नॉनलिनियर

१४ ही सरासरी आहे हो. ती येते तेव्हा कार्ड कधी २५ वर असतं, कधी ५ वर. ५ वर दोन-चार सेकंद राहिलं की कॅमेऱ्याचा बफर भरतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. म्हणूनच सरासरी नाही, किमान वेग बघायचा.

टाकून द्यायच्या आधी एक संधी द्या. सोनेरी पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. खोडरबर नको, मुलामा घासला जातो आणि चुरा खाचेत पडतो. एसडी फॉरमॅटरने फॉरमॅट करून चाचणी पुन्हा लावा. तरी १४ च आलं तर बिल शोधा आणि बदलून मागा. बिल नसेल तर फोटोंनाही नको. आत कुठली चिप आहे हेच माहीत नाही, तिच्यावर कुणाचं कन्यादान कशाला ठेवता.

पार्लेकरीण

पुसण्यावरून आठवलं. मुंबईच्या पावसाळ्यात कार्डं सुटी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाची डबी आणि आत सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की पुडी बदलायची. एसी हॉलमधून बाहेर आल्यावर बॅग लगेच उघडायची नाही, गार धातूवर दव धरतं. आणि यूएचएस-२ कार्डाची दुसरी पट्ट्यांची ओळ मळली तर ते मुकाट यूएचएस-१ वर उतरतं. कॅमेरा काहीही सांगत नाही, बर्स्ट नेहमीपेक्षा हळू रिकामा व्हायला लागतो एवढंच. नवं व्ही६० तसं वागलं तर घाबरू नका, आधी पुसा.

अंतरपाट

पुसून, फॉरमॅट करूनही १५. बिल सापडलंय, उद्या दुकानात जाते. त्याबरोबर एक व्ही६० १२८ जीबी आणि दोन व्ही३० १२८ जीबी घेते.

शेवटचं एक: ड्रोनवाल्या मुलाकडे मायक्रोएसडी आहेत, व्ही३०. अडचणीला ॲडॉप्टरमध्ये घालून झेडव्ही-ई१० ला चालतील का?

बिटरेट_बंड्या

वेगाला चालतील. पण ॲडॉप्टर म्हणजे मधे आणखी एक जोड, आणि ट्रायपॉडला कुणाचा पाय लागला की क्षणभर संपर्क सुटतो. तेवढ्यात चालू क्लिप अर्धवट राहते. तशी राहिलीच तर कार्डावर दुसरं काही लिहू नका, ते पुन्हा त्याच कॅमेऱ्यात घाला, डेटाबेस (कार्डावरच्या क्लिपांची नोंद) दुरुस्त करू का असं कॅमेरा विचारतो, त्याला हो म्हणा. मायक्रोएसडी ड्रोनलाच राहू द्या, आणि व्ही३० दोनऐवजी तीन घ्या.