अनुभव धागा : काँक्रीटवरची तातामी

तोक्यो, योकोहामा, ओसाका भागात भाड्याच्या घरात तातामीची (विणलेल्या जाड चटयांच्या जमिनीची) खोली वाट्याला आलेल्यांसाठी हा धागा. तातामी घडली ती हवा खेळणाऱ्या लाकडी घरासाठी. आता ती घट्ट मिटणाऱ्या खिडक्यांच्या आत, काँक्रीटवर पडून असते. बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. आठवणी आणि कौतुक नको. काय करायचं, किती करायचं आणि कुठे फसतं एवढंच लिहा. गादी, चहा, न्हाणीघर, काहीही चालेल.

* * *

आधी माप. "सहा तातामीची खोली" ऐकून फर्निचर घेऊ नका. क्योतोकडची तातामी १९१ × ९५.५ सेंमी, तोक्योकडची १७६ × ८८, आणि जुन्या वसाहतींतली दान्चिमा जेमतेम १७० × ८५. सहा चटयांत दोन चौरस मीटरहून जास्त फरक पडतो. जाहिरातीत एक तातामी म्हणजे किमान १.६२ चौरस मीटर धरतात, पण भिंतीला टेप लावल्याशिवाय कपाट मागवू नये.

* * *

नव्या तातामीवर हिरवट भुकटी असते ती धूळ नव्हे. इगुसा (लव्हाळ्याची जात, जपानी माल मुख्यतः कुमामोतो प्रांतातला) वाळवण्याआधी चिखलाच्या पाण्यात बुडवतात, ती ती माती. सुरुवातीचे काही दिवस कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं मारलं की माती विणीत बसते आणि डाग पडतात. व्हॅक्यूम विणीच्या दिशेनेच फिरवायचा. आडवा मारला की काड्या तुटून कुसळं निघतात.

बुरशी सर्वात जास्त येते पहिल्या पावसाळ्यात, जून-जुलैच्या त्सुयुत, कारण नवा इगुसा ओल जास्त ओढतो. जुनी पिवळी तातामी त्या मानाने निवांत असते. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ७० च्या वर दोन-तीन दिवस गेले की हिरवट ठिपके दिसलेच. तेव्हा:

खिडकी उघडा, गॅस-शेगडी बंद ठेवा. आधी व्हॅक्यूम लावू नका. मागच्या हवेतून बुरशी खोलीभर उडते. ७०-८० टक्के इथेनॉल फवारून थोडा वेळ थांबा, जुन्या टूथब्रशने विणीच्या दिशेने घासा, कोरड्या फडक्याने टिपा, मग दिवसभर वारा लागू द्या. क्लोरीनचं ब्लीच नको. बुरशी जाते, पण तातामीचा रंगही जातो.

* * *

वरच्यात आपल्या स्वयंपाकघराची भर. तोक्योतल्या निशी-कासाई भागातल्या घरांत फोडणीचा धूर तातामीच्या खोलीत गेला की इगुसा तो वास धरून ठेवतो. सरकदार दार आधी लावा, मग मोहरी टाका. वरण सांडलं तर चोळू नका. वरून पीठ किंवा मीठ टाकून ओल शोषून घ्या, उचला, दाबून टिपा. हळदीचा पिवळा डाग राहतोच, पण ऊन लागलं की तो फिकट होतो. दक्षिणेकडची खिडकी असेल तर पडदा उघडा ठेवा. बाकीची तातामीही उन्हाने पिवळी होणार, तेव्हा हिशेब साधारण जुळतो.

* * *

तातामी उचलायची वेळ आली तर प्रत्येकीच्या मागे खडूने क्रमांक आणि दिशा लिहा. खोली कधीच अगदी काटकोनी नसते, त्यामुळे प्रत्येक चटई तिच्या जागेला कापलेली असते. अदलाबदल झाली की एकीकडे फट आणि दुसरीकडे फुगवटा.

वरचं आवरण ३ ते ५ वर्षांत उलटवून घेता येतं. त्याहून उशीर केला तर मागची बाजूही रंग सोडते, मग उलटवण्यात अर्थ नाही, नवंच घ्यावं लागतं. घर सोडताना जपानच्या भूमी व पायाभूत सुविधा मंत्रालयाची भाड्याच्या घरांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं (पहिली १९९८ ची, सुधारित २०११ ची) हाताशी ठेवा: उन्हाने उडालेला रंग आणि कपाटाच्या खुणा घरमालकाच्या खात्यात, सांडलेलं आणि दुर्लक्षाने आलेली बुरशी आपल्या. खर्च मोजायचा तो एकेका चटईवर, सगळ्या खोलीवर नाही. मात्र करारात वेगळी अट असेल तर ती सही करण्यापूर्वीच वाचा. फर्निचरच्या पायांनी पडलेल्या खळग्यांवर ओला टॉवेल ठेवून वरून इस्त्री काही सेकंद फिरवली की काड्या फुगून बऱ्याच वर येतात.

* * *

गादी (फुतोन) रोज उचला. रात्रीतून पेलाभर घाम खाली उतरतो आणि काँक्रीटमुळे तो खालून निघत नाही. अंथरलेल्या गादीखाली बुरशी येणं इतकं सरावाचं आहे की न उचललेल्या गादीला "मान्नेनदोको", दहा हजार वर्षांची गादी, असं नावच आहे. ओशिइरेत, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट घाला आणि दार बोटभर उघडं ठेवा. उंच इमारतींत कठड्यावर गादी टाकायला बऱ्याचदा मनाई असते. तिथे फुतोन वाळवायचं यंत्र घ्या. आणि ते धोपटणं बंद करा, कापूस तुटतो.

* * *

चहासमारंभ शिकणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली "रो" शेगडी वापरतात, तिचं तोंड ४२.४ सेंमी चौरस. फ्लॅटच्या काँक्रीटमध्ये तेवढा खड्डा पाडता येत नाही आणि बंद खोलीत कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. म्हणून वर ठेवायची विजेची शेगडी. किटलीचा आवाज थोडा सपाट येतो, इतकंच. पण तातामी नकली नको: कडेपासून १६ वीण सोडून बसायचं असतं, आणि ती प्लास्टिकच्या फरशीवर मोजणार कशी? पातळ चहाला माच्चा (हिरव्या चहाची पूड) २ ग्रॅम, पाणी ७० मिली, ८० अंश. गुठळ्या होतात त्या माच्चा न चाळल्यामुळे. उकळतं पाणी ओतलं तर कडू होतो. घुसळणी आधी कोमट पाण्यात भिजवा, कोरड्या बांबूची टोकं तुटतात.

* * *

घरातली न्हाणी चिंचोळी असेल तर सेन्तो, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह. तोक्योत दर ठरलेला असतो, ऑगस्ट २०२४ मध्ये तो मोठ्यांना ५५० येन झाला. १९६८ च्या सुमारास शहरात अडीच हजारांहून जास्त सेन्तो होते, आता पाचशेच्याही खाली, त्यामुळे आधी वेळ आणि सुट्टीचा वार बघा. बसून, साबण लावून, पूर्ण धुऊन मगच टबात. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी ४२ अंशांच्या आसपास असतं, पहिल्यांदा तीन मिनिटं पुरे. थंड पाणी मिसळायचं तर आत बसलेल्यांना विचारून.

दारावर कधी हिरागाना या जपानी लिपीतलं एकच अक्षर लिहिलेली पाटी (जपानीत "इता") दिसते. "वा" म्हणजे "वा-इता", पाणी तापलं, या. "नु" म्हणजे "नु-इता", पाणी सोडून दिलं, आज संपलं.